मिस बय्यूमीची ढाल

...नाही हो उस्ता फिक्री, नावात काही खोट नाही — तफीदा, बघा, ठिपक्याठिपक्यासकट बरोबर — गडबड नावाखालच्या पट्टीत आहे. वाचा. मोठ्यानं वाचा, लाजताय कशाला, तुम्हीच कोरलंय. ‘सर्वोत्कृष्ट स्वयंसेवक.’ बरं. आता ही दुसरी — थांबा, उशीच्या अभ्र्यात आहे, काढू द्या — ही वाचा. ‘हाजी बय्यूमी. सर्वोत्कृष्ट परिचारिका.’ हसताय? हसा. आमचं सगळं गाव, कफ्र सुलताना, हसून झालंय, इथं दसूकमध्ये तुम्ही तेवढे राहिला होतात. अहो, परिचारिका मी! आमच्या आरोग्य केंद्राची मुख्य नर्स — मिस तफीदा म्हणा, नर्स म्हणजे मिसच, कुठलंही पोर तुम्हाला घर दाखवेल, अर्ध्या गावाला जन्मल्या जन्मल्या पहिली चापट मी मारलीय आणि उरलेल्या अर्ध्याला सुया टोचल्यात — आणि हाजी बय्यूमी म्हणजे कोण, तर एक मिशीवाला म्हातारा बटाटेवाला, टुकटुक रिक्षावर कर्णा बांधून गावभर ओरडत फिरणारा. तो परिचारिका आणि मी स्वयंसेवक! आता काय करायचं, ह्या ढालीवरची खालची पट्टी त्या ढालीला, त्या ढालीची ह्या ढालीला, झालं. नावं आहेत तिथंच राहू द्या. चार स्क्रू इकडचे, चार तिकडचे. घ्या स्क्रूड्रायव्हर. मला दुपारची होडी गाठायचीय. नाही, चहा नको. — बरं, अर्धा. साखर? घाला की हात सैल सोडून, नर्स असले म्हणून मी काही स्वतःची पेशंट नाही.

काय म्हणालात? फोनवर नीट ऐकू आलं नाही? आमच्या डॉक्टरीणबाईचा आवाज नाजूक आहे, कबूल, पण ‘परिचारिका’ कुठं आणि ‘स्वयंसेवक’ कुठं — मागून कुणीतरी ओरडत होतं? काय ओरडत होतं? ‘गोवराची लस, गोवराची लस, या हो या, पोरांना घेऊन या’? कर्ण्यावरून? — अस्सं. म्हणजे स्वतःच्याच ढालीची वाट ह्या माणसानं स्वतःच लावली. डॉक्टरीणबाई खिडकीशी उभी राहून तुम्हाला फोन करतेय आणि खिडकीखाली हाजी बय्यूमी! — हे मला माहीत नव्हतं हो. त्यालाही माहीत नसणार. सांगायला पाहिजे त्याला. कसा हसेल, पोट धरून हसेल, मिशी अशी थरथरते त्याची — असो. तुम्ही तुमचं काम करा.

ह्या सगळ्याची सुरुवात डॉक्टरीणबाईनं केली. डॉक्टर रगदा. अलेक्झांड्रियाची पोर, सरकारनं सक्तीच्या नोकरीवर आमच्याकडं धाडलेली, पहिल्या दिवशी आली ती उंच टाचांच्या बुटांत आणि त्यातली एक टाच अजून आमच्या कालव्याच्या चिखलात आहे. पण पोर गुणाची. एक दिवस आम्हाला सगळ्यांना बोलावलं, हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाली, ‘तुमचं कौतुक कधी कुणी केलंच नाही.’ आम्ही एकमेकांकडं बघितलं. खरंच की! केलंच नव्हतं! तोवर आम्हाला काही जाणवलं नव्हतं हो, आम्ही आपले सुखात होतो, पण एकदा तिनं म्हटल्यावर — औषधाच्या खिडकीवरचा तो गलेलठ्ठ राशवान, तो तर तिथंच हमसून हमसून रडायला लागला. मग म्हणाली, आपण समारंभ करू, जिल्ह्याहून मोठ्या साहेबांना बोलावू, केक आणू, आणि दोन ढाली देऊ, निळ्या मखमलीच्या पेटीतल्या. एक आपल्यातल्या सगळ्यांत चांगल्या माणसाला, जो जे काम करतो ते त्यावर कोरून, आणि एक स्वयंसेवकाला. तिला बिचारीला वाटलं, ह्यानं सगळ्यांना हुरूप येईल.

आला ना हुरूप. असा आला की लोकांना केंद्राच्या दारातून आत यायची भीती वाटायला लागली. राशवान — जो खिडकीतून गोळ्या अशा फेकायचा जशा गच्चीवर कबुतरांना दाणे फेकतात — तो हसायला लागला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सगळे दात काढून. एका म्हातारीनं मला बाजूला ओढलं आणि कानात म्हणाली, ‘मिस, त्याचं तोंड वाकडं झालंय गं, झटका तर नाही आला?’ आमची झाडूवाली उम्म शलबी, तिनं फरशी इतकी घासली, इतकी घासली की खोकला घेऊन आलेला माणूस हाताला प्लास्टर घालून घरी गेला. एक नाही हो, बरेच गेले. आणि पेशंट पुरेनात! कधी ऐकलंय असं? दारात कुणी दिसलं की आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडायचो — ‘हा माझा’, ‘नाही, मी आधी पाहिला’. एक परगावचा माणूस नुसतं विचारायला आला होता की पलीकडची होडी कधी सुटते. त्याचं वजन झालं, रक्तदाब झाला, पुन्हा रक्तदाब झाला कारण पहिला दुसऱ्या नर्सनं घेतला होता, दात मोजले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं — ते मीच दिलं, जखम दिसत नव्हती पण माणूस आहे, पुढंमागं होऊ शकते — आणि तो दंड चोळत बाहेर आला तोवर होडी नदीच्या मध्यावर पोचली होती. मी? छे, छे, मी कुठली स्पर्धेत. मला ह्या वयात ढाल घेऊन काय युद्धाला जायचंय? मी आपली सकाळी जरा लवकर जायची, एवढंच. आणि एक नवा ॲप्रन शिवला. आणि डॉक्टरीणबाईला रोज गरम फतीर न्यायची, तुपानं थबथबलेला, वर मध — पोर एकटी राहते, तिच्या पोटात काही जायला नको? त्याचा ढालीशी काय संबंध? काही नाही. भुवया खाली घ्या.

मग डॉक्टरीणबाई म्हणाली, पेशंटच निवडतील. मेजावर आमच्या नावांचे डबे मांडले आणि दारात फूल कडधान्याच्या सुक्या दाण्यांची परात ठेवली — येणाऱ्यानं एक दाणा घ्यायचा आणि आवडत्या माणसाच्या डब्यात टाकायचा. छान चाललं होतं. माझा डबा चांगला जड होता, मी सहज हलवून बघितला होता. दुसऱ्या दिवशी आमचा पहारेकरी अब्देल-आती सकाळी आला, त्यानं डबे बघितले आणि त्याला वाटलं डॉक्टरीणबाईनं सगळ्यांच्या न्याहारीची सोय केली. ओतले सगळे एका पातेल्यात. शिजवले मऊसूत, वर तेल, जिरं, लिंबू. आणि आम्ही खाल्ले हो! भाकरीबरोबर, कांदा फोडून, वाहवा करत! डॉक्टरीणबाईनं तर दोनदा घेतलं, बोटं चाटली, आणि मग तिनं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, ‘अब्देल-आती... डबे कुठायत?’ म्हणजे आम्ही आमची मतं खाऊन बसलो होतो. राशवान म्हणाला, माझी जरा जास्त शिजली होती. शेवटी डॉक्टरीणबाईनं स्वतःच ठरवलं आणि मला निवडलं. फतीरमुळं नाही. कामामुळं.

आता स्वयंसेवकाचं म्हणाल तर तिथं भांडणच नव्हतं. स्वयंसेवक एकच, हाजी बय्यूमी. लसीचा दिवस असला, बाळंतिणींची तपासणी असली, डास मारायची फवारणी असली की हा टुकटुक घेऊन गल्लीगल्लीत. तुम्ही ऐकला नाहीत तो कर्णा? — हो, फोनवर ऐकलात. ‘ए कफ्र सुलतानाच्या लोकांनो! उद्या पोलिओचे थेंब! ज्यानं पोर लपवलं त्याच्या दारात मी बसेन आणि गाईन!’ आणि गातो, खरंच गातो, म्हणून तर आमच्या गावात पोर लपवायची कुणाची छाती होत नाही. पण त्याला थांबायचं कुठं ते कळत नाही. एकदा उम्म सबाहची रक्ताची तपासणी झाली, हा बाहेर उभा होता, ह्यानं ऐकलं, आणि संध्याकाळी — ‘उम्म सबाह! तुझी साखर चढलीय! बसबूसा खाली ठेव! दिसतंय मला खिडकीतून, ठेव म्हणतो ना!’ मी रस्त्यात त्याची टुकटुक अडवली. म्हटलं हाजी, पेशंटची गोष्ट चार भिंतींत राहायला पाहिजे, असं नाव घेऊन ओरडायचं नाही. मान खाली घालून म्हणाला, ‘बरोबर आहे मिस, चुकलं.’ आणि दुसऱ्या दिवशी — ‘एक बाई आहे! नाव सांगणार नाही! मिस तफीदानं सांगितलंय, नाव सांगायचं नाही! हिरवा दरवाजा, मशिदीच्या शेजारी, अंगणात लंगडं गाढव! बाई, साखर चढलीय!’ काय करायचं ह्या माणसाचं? सांगा ना, काय करायचं?

— आणि उम्म सबाह आली हो तपासायला. रागानं लालबुंद होऊन आली, त्याला शिव्या घालत आली, पण आली. आज गोळ्या घेते, चालते-फिरते. हाजी असा ओरडतो त्याचं कारण वेगळं आहे. त्याची बायको नईमा, ती साखरेनंच गेली. केंद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, पण कधी पाय ठेवला नाही आत — लोक म्हणतील नईमा आजारी आहे. पायाला जखम झाली ती झाकून ठेवली, नवऱ्यापासूनसुद्धा. कळलं तेव्हा सगळं हाताबाहेर गेलं होतं. तिच्या मरणाचा चाळिसावा दिवस झाला आणि हाजी केंद्राच्या दारात आला, टुकटुक रिकामी, एक बटाटा नाही त्यात, नुसता कर्णा. मला म्हणाला, ‘मिस, मला वाचता येत नाही, मलमपट्टी येत नाही. आवाज आहे. काय ओरडायचं ते सांगा.’ — तुमचं धुरकट दुकान आहे हो, डोळ्यांत जातंय काहीतरी. पंखा लावा जरा.

तर समारंभ. खुर्च्या मांडल्या, कागदाच्या झिरमिळ्या लावल्या, आख्खं गाव आलं. जिल्ह्याचे मोठे साहेब आले. त्यांचा एक नियम असावा की भाषण करताना कागदावरून मान वर काढायची नाही; त्यांनी आल्यापासून जाईपर्यंत आमच्यापैकी एकाचंही तोंड बघितलं नाही. ढालीवर जसं कोरलं होतं तशी त्यांच्या माणसानं नावं लिहून दिली. साहेब उभे राहिले आणि सुरू झाले — ‘ही आमची भगिनी! रुग्णांच्या उशाशी रात्रंदिवस जागणारी ही दयेची मूर्ती! कोमल हातांची, गोड हास्याची, शेकडो अर्भकांना ह्या जगात आणणारी, ही साऱ्या गावाची माता — बय्यूमी!’ आणि हाजी उठला. खांद्यावर शाल, पायात धुळीचे बूट, मिशीला तेल. डॉक्टरीणबाई पांढरीफटक. मला वाटलं आता हा म्हणेल की साहेब, घोटाळा झाला. अहो, कसलं काय! त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याबद्दल चांगलं बोलत होतं, तो काय शब्द ऐकतोय? ढाल छातीशी धरली, दुसऱ्या हातात कर्ण्याचा माईक — तो सोडतो कधी? — आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘साहेब, मी काही विशेष केलं नाही! आईचं कर्तव्य केलं!’

आणि मग माझी पाळी. त्याचं भाषण माझ्या वाट्याला. ‘ही तफीदा! काही नको म्हणून नुसता आपला आवाज गावाला देणारी! जिचं ओरडणं नदीपलीकडं ऐकू जातं! जिच्या आवाजानं झोपलेलं उठतं आणि लपलेलं बाहेर येतं!’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. हाजीपेक्षा जास्त वाजवल्या! शिट्ट्या मारल्या! उम्म शलबी तर हातातला झाडू वर करून म्हणाली, ‘खरंय साहेब, अगदी खरंय!’ मला सांगा उस्ता, माझा आवाज मोठा आहे? — आहे का मोठा? — अहो, तोंड उघडून सांगा की! — बघा, मान हलवून नाही म्हणताय. समोरचा सोडावाला का आत डोकावतोय मग? काय रे, काय पाहिजे? जा, भांडण नाहीये, आम्ही बोलतोय!

पुढचं ऐका. मला वाटलं दुसऱ्या दिवशी ढाली बदलू आणि विषय संपेल. दुसऱ्या दिवशी केंद्रात जाते तर दारात हाजी बय्यूमी, अंगात पांढरा कोट. न्हाव्याकडून आणलेला, खांद्यावर कुणाचे तरी केस तसेच. येणाऱ्याजाणाऱ्याला जीभ बाहेर काढायला लावतोय. म्हटलं हाजी, हे काय? तर म्हणाला, ‘सरकारनं जबाबदारी टाकलीय मिस, आता मागं कसं हटायचं.’ आणि लोक ऐकायला लागले हो त्याचं! माझं कुणी ऐकत नाही, मी सांगून सांगून थकले की पाणी उकळून प्या, आणि ह्यानं कर्ण्यावरून म्हटलं — ‘मिस बय्यूमी सांगते, पाणी उकळा!’ — सांगते! — तर गल्लीगल्लीत पातेली चढली. पोरं रस्त्यात हाका मारतात, ‘मिस बय्यूमी, मिस बय्यूमी’, आणि हा थांबून त्यांची नखं बघतो. म्हाताऱ्या बायका मला ओलांडून त्याच्यापुढं दंड धरतात. एकीला त्यानं काय सांगितलं माहितीये? गुडघेदुखीवर — ‘रोज नदीपर्यंत चाल आणि सुनेशी भांडू नकोस.’ बरी झाली!

मी चिडले. चिडणार नाही? आणि असरची नमाज झाल्यावर, सगळ्यांसमोर म्हटलं, हाजी, नावांचं मागाहून बघू, आज संध्याकाळी माझ्या घरी या आणि माझी ढाल मला द्या, तुमची तुम्ही न्या. आला. वेळेवर आला, गलाबियाला इस्त्री — वाकडीतिकडी, बाहीवर सगळ्या चुण्या, घरात बाई नाही म्हणजे असंच — ढाल काखेत. बसला. चहा केला. आता आलाच आहे माणूस तर चहा नको करायला? त्यानं आपल्या नईमाचं काहीबाही सांगितलं, मी माझ्या नवऱ्याचं सांगितलं, अल्ला त्याला सुखात ठेवो, बारा महिने बडबडायचा आणि गेला तेव्हा एक शब्द न बोलता गेला. मग हाजी उठला, दारापर्यंत गेला, आणि ढाल काखेत तशीच. द्यायचीच राहिली. मी म्हटलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी आला तर ढाल घरी विसरला. बरं. त्याच्या पुढच्या दिवशी ढाल घेऊन आला, तर माझी सापडेना. सगळं घर शोधलं आम्ही दोघांनी, कपाटाखाली, तांदळाच्या डब्यात, त्यानं तर बदकांच्या खुराड्यात डोकं घालून बघितलं. सापडली? सापडेल कशी, गादीखाली होती. — कुणी ठेवली म्हणजे? घरात मी एकटी, मुलगी दिली तांता शहरात, बदकं काही ढाली लपवत नाहीत. मीच ठेवली. पाठीत टोचत होती रोज, सांगते तुम्हाला, पितळी कोपरा आहे तिला. — हे मी तुम्हाला का सांगतेय? चहात काय घातलंय तुम्ही?

नाही, त्यात काही नाही हो. दोन म्हातारी माणसं, चहा पितात, दार सताड उघडं, शेजारीण खिडकीत बसून जवळजवळ आमच्याच कपातून पिते. त्याच्या गलाबियाचं बटण तुटलं होतं, ते लावून दिलं. एकदा बदक केलं होतं, भरलेलं, एकटीला संपतं का ते? त्यानं खाल्लं आणि घरी जाताना टुकटुकवरून — ‘कफ्र सुलतानाच्या लोकांनो! बदक कसं करावं हे ज्याला शिकायचं असेल —’ मी धावत जाऊन माईक हिसकावला. सगळ्या गल्लीनं बघितलं. बघू दे.

मग डॉक्टरीणबाई परवा म्हणाली, मिस, मोठ्या साहेबांच्या कचेरीतून विचारणा झालीय, फोटोतली परिचारिका मिशीवाली कशी, आता पुन्हा नीट फोटो काढायचा, तेव्हा दोन्ही ढाली घेऊन दसूकला जा आणि पट्ट्या बदलून आण. माझ्यासाठीच धडपडतेय पोर, तिला वाटतंय मी मनातल्या मनात कुढतेय. मी म्हटलं, बरं. काल हाजीलाही म्हटलं, उद्या सकाळी होडीशी ढाल घेऊन या. जरा तोऱ्यातच म्हटलं, चारचौघांत होतो, दुसरं कसं म्हणणार? तर आज सकाळी तो दारात हजर. पांढरा कोट नाही. न्हाव्याला परत केला, धुऊन केला. ढाल ह्या अभ्र्यात, पुसून लख्ख, बघा तुमचं तोंड दिसेल. म्हणाला, ‘घ्या मिस, तुमचं तुम्हाला.’ बास. आणि मला टुकटुकमध्ये बसवून होडीपर्यंत सोडलं आणि सबंध रस्ताभर — उस्ता, सबंध रस्ताभर त्या माणसानं कर्ण्यावरून एक अक्षर काढलं नाही. बायका दारात आल्या, विचारायला लागल्या, कोण गेलं? कोण गेलं गं? राशवान हातातला पाव टाकून धावत आला. मी म्हटलं, कुणी नाही गेलं, चला आपापल्या घरी. होडीत बसले तर हा काठावर उभा. मी हात केला. त्यानं माईक तोंडाशी नेला, आणि नुसताच खाली ठेवला.

आता संध्याकाळी तो काय म्हणून येणार माझ्याकडं? ढाल माझी मला मिळाली, त्याची त्याला मिळाली. कारण काय सांगणार? आणि तो असा माणूस आहे की कारण नसलं तर येणार नाही, दारावरून जाईल, खोकेल, जाईल. आणि मी काय म्हणणार, या? नुसतं, असंच, या? मला नाही बाई येत तसं म्हणायला, मला सुई टोचायला सांगा, रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावायला सांगा —

थांबा. थांबा, तो दुसरा स्क्रू काढू नका. पहिला काढलात? परत बसवा. बसवा म्हणते ना. कर्ण्याचं काम मी करते की नाही? करते, तुम्ही ऐकलंच आत्ता, सोडावाल्यानंही ऐकलं. आणि त्यानं उम्म सबाहला आणलं की नाही? मग परिचारिका आणखी काय करते? तुमची चूक नाही हो, तुम्ही बरोबर कोरलंय, फोटोवाल्यांना दिसत नसेल तर चश्मे घ्या म्हणावं. पिळा, घट्ट पिळा. अभ्रा द्या इकडं. ही खाली, ही वर, मध्ये माझी ओढणी घाला, घासायला नको.

काय? काय विचारलंत? इतका वेळ ऐकत होतात आणि आता तोंड उघडलंत तर हे? — तुमचा काय संबंध? मी पन्नाशी ओलांडलेली बाई, सासूबाई झालेली, जावई आहे मला टक्कल पडलेला! लग्नाबिग्नाच्या गोष्टी विचारताय, शोभतं का? — असं कुणी काही म्हणालंय का तुम्हाला? कोण म्हणालं? तो काही म्हणालाय का? नाही? — नाही ना. मग झालं.

आता डॉक्टरीणबाईला काय सांगायचं? सांगते की तुमचं दुकान बंद होतं. नाही, हसू नका, मी पोरीशी खोटं बोलत नाही, कधी बोलले नाही आणि आता बोलणार नाही. म्हणून म्हणतेय, उठा. मी अशी बाहेर पायरीवर उभी राहते, तुम्ही ते शटर ओढा. — अहो गिऱ्हाईक येईल तर येऊ द्या, लगेच उघडा पुन्हा, मी काय जन्मभर बंद ठेवायला सांगतेय? ओढा. अजून. अजून थोडं, तुमचे बूट दिसतायत. — हं. बंद आहे.